थेक्ला सांगेल ते

खालच्या मजल्यावरच्या उरानियाबाईंनी दार बडवलं तेव्हा थेक्ला स्वयंपाकघराच्या दाराशीच खुर्ची टाकून, शेगडीकडे पाठ करून पेपर वाचत बसली होती. दार उघडताच बाई तिला बाजूला सारून आत घुसल्या. "अहो, जिन्यात उभं राहवत नाही! घर पेटवायचा विचार आहे का?" म्हणत त्यांनी शेगडी बंद केली, खिडकी उघडली आणि पातेलं सिंकमध्ये टाकलं. पातेल्यातल्या पांढऱ्या घेवड्याचा कोळसा झाला होता. थेक्लाला धूर दिसला, डोळ्यांना झोंबलाही. पण वास नव्हता. "बूड पातळ आहे त्याचं," ती म्हणाली, "टाकूनच देणार होते मी ते पातेलं." वर्षानुवर्षं रेडिओवर बातम्या सांगितलेल्या बाईचा आवाज होता तो, त्या आवाजात काहीही सांगितलं तरी खरं वाटायचं. उरानियाबाई मात्र पातेल्याकडे न बघता तिच्याकडे बघत राहिल्या. मग, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसं हळू बोलल्या, "मुलगा वगैरे येतो ना अधूनमधून?" थेक्लाने त्यांना नम्रपणे जिन्यापर्यंत पोचवलं आणि दार जरा जोरातच लावलं.

मग तिने घरातलं एकेक नाकाशी नेलं. कॉफीचा डबा, व्हिनेगर, गॅलरीतला तुळशीचा गुच्छ, शेवटी फरशी पुसायच्या औषधाची बाटली. बाटलीने नाकात आग झाली, पण ती आगच, वास नव्हे. पांढरी भिंत हुंगावी तसं सगळं. सप्टेंबरात एक साधी सर्दी होऊन गेली होती. सर्दी गेली ती जाताना हे घेऊन गेली असावी, आणि हिला पत्ताच नाही. पत्ता कसा लागणार? तिला वाटत होतं, किप्सेलीतली, अथेन्सच्या तिच्या त्या वस्तीतली, माणसंच बिघडली. बेकरीवाल्याला ती दोनदा बोलली होती की पाव पूर्वीसारखा राहिला नाही. खाटकाला म्हणाली होती, सॉसेजच्या मसाल्यात भुसा मिसळतोस की काय. बिचारा खाटीक शपथा घेत होता, आणि ही हात हलवून म्हणत होती, मला शिकवू नकोस. आता ते आठवून तिला हसू आलं, आणि हसता हसता तिने बाटलीचं बूच घट्ट लावलं. कारण चार दिवसांनी क्रीट बेटावर जायचं होतं.

दर ऑक्टोबरला ती चौघं कुठेतरी जायची. जायची ती खायला. देवळं, म्युझियमं, पडके दगड असलं काही त्यांच्या यादीत नसे. इओर्दानिस, निवृत्त दंतवैद्य, स्वतःचेच दात दुसऱ्याने बसवलेले. मारिलेना, थेक्लाची शाळेपासूनची मैत्रीण, आणि मारिलेनाचा नवरा थ्रासोस, भूगोलाचा मास्तर, जो दिवसातून चार वाक्यं बोलायचा आणि त्यातली दोन हवेबद्दल असायची. टेबलावर बसलं की वेटरशी एकानेच बोलायचं, सगळं टेबलाच्या मधोमध यायचं आणि सगळ्यांचे काटे त्यात जायचे. स्वतःपुरती ताटली मागवणारा माणूस म्हणजे एकतर आजारी किंवा परदेशी. आणि बोलणारा तो एकजण म्हणजे थेक्ला. विद्यार्थिदशेत, खिशात दिडक्या असताना, कुठल्याशा तळघरातल्या खानावळीत तिने एकदा पिंपातली वाइन हुंगून परत पाठवली होती. मालक चिडला, मग स्वतः प्यायला, आणि मुकाट्याने दुसरं पिंप उघडलं. त्या रात्रीपासून टेबलावर कुणी विचारलं की काय मागवायचं, तर बाकीचे म्हणत, थेक्ला सांगेल ते. पुढे त्यांची लग्नं झाली, काहींची मोडली, केस गेले, गुडघे गेले. हे वाक्य मात्र तसंच राहिलं. तिला ते वाक्य फार आवडायचं. ती कुठे बसली आहे हे त्या वाक्यावरून तिला कळायचं.

तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे तरी काय, असं तिने स्वतःला समजावलं; नाक गेलं तरी आठवण कुठे गेली आहे? आणि खरंच, मानूसोसच्या खानावळीत पहिल्या दुपारी तिने अशी काही बाजी मारली की तिची तिलाच मौज वाटली. गाव डोंगराच्या कुशीत, द्राक्षाच्या मळ्यांच्या वर. मळे तोडून झालेले, वेलींची पानं तांबूस पडलेली. मानूसोसकडे ती चौघं हल्ली दरवर्षी दोन-तीन दिवस तरी येत. मेन्यूचा कागद हातात घेणं थेक्लाच्या लेखी अडाणीपणा. ती नेहमीप्रमाणे सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि झाकणं उचलू लागली. वाफ तोंडावर आली, गरम, ओली आणि मुकी. पण डोळे होते. बकऱ्याच्या रश्शावर तेल सुटून कडेला आलं होतं, म्हणजे शिजला आहे आणि घाईने शिजवलेला नाही. भरल्या वांग्यांची साल सुरकुतली होती, म्हणजे सकाळची. कढईतल्या गोगलगायी टपटप वाजत होत्या, म्हणजे मीठ आधी आणि तेल मागून, जसं हवं तसं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. "रस्सा, गोगलगायी, रानभाजी उकडलेली, लिंबू वेगळं. वांगी नकोत, उद्या आणखी मुरतील," ती म्हणाली, आणि मानूसोसची बायको आर्गिरो हात पुसत म्हणाली, "थेक्लाबाई, तुम्ही आलात की माझ्या पोटात परीक्षेसारखा गोळा येतो बघा."

टेबलावर ती रोझमेरीबद्दल बोलली. गोगलगायींच्या व्हिनेगरात रोझमेरीचा वास कसा उशिरा, मागून, घशातून वर येतो ते तिने सांगितलं, आणि इओर्दानिसने डोळे मिटून मान डोलावली. "हिचं हे ऐकलं की मला दुसऱ्यांदा जेवल्यासारखं वाटतं," तो म्हणाला. तिच्या तोंडात त्या वेळी काहीतरी चिवट, खारट, आंबट असं फिरत होतं, रबरी नळीचा तुकडा असावा तसं. गिळताना तिला एक क्षण भीती वाटली, सरळ साधी भीती, लहानपणी समुद्रात पायाखालची वाळू संपली की वाटायची ती. पण ती पोहणारी बाई होती. तिने ग्लास उचलला, सगळ्यांच्या तब्येतीच्या नावाने वाजवला, आणि वाइनबद्दल बोलायला लागली. पिकलेला आलुबुखार, ती म्हणाली, आणि मागे जरासं चामडं. "चामडं!" इओर्दानिस म्हणाला. "बरोब्बर. मी म्हणतच होतो, काय आहे हे."

त्या संध्याकाळी खोलीच्या गॅलरीत बसून समोरच्या डोंगराचा रंग उतरताना बघत असताना तिला लाझारोस आठवला. तिचा नवरा होता तो, एके काळी. जाताना त्याने भांडण केलं नव्हतं, बॅग भरता भरता म्हणाला होता, "मला काय आवडतं हे मला बघायचंय, थेक्ला. इतकी वर्षं मी काय खाल्लं ते तू ठरवलंस." तेव्हा ती हसली होती. खायचं कारण सांगून बायको सोडणारा जगातला पहिला पुरुष म्हणून तिने ही गोष्ट टेबलावर कितीदा तरी सांगितली, त्याच्या बावळट आवाजासकट, आणि दर वेळी मंडळी पोट धरून हसली. त्याला पुढे काय आवडलं कोण जाणे. ऐकलं होतं, पात्रा शहरात एका विधवेबरोबर राहतो आणि रोज मासे खातो. लग्नात त्याने माशाला कधी हात लावला नव्हता. म्हणजे तिने कधी मागवला नव्हता, कारण अथेन्सला येणारा मासा, ती म्हणायची, तिकीट काढून, शिळा होऊन येतो. डोंगर काळा पडला. आपण नाक हरवलं तर आपण कोण उरतो, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन झोपली. बिनाउत्तराचे प्रश्न उशाशी घेऊन झोपायची सवय तिला नव्हती, पण झोप लागली हे खरं.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी मानूसोस हातात किल्ली घेऊन आला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. "थेक्लाबाई, जरा खाली यायचं. तुमच्या मंडळींनाही आणा." तळघरात त्याची पिंपं होती. थंडावा, ओली माती पायाखाली, एक पिवळा दिवा. दरवर्षी ती इथे उतरायची तेव्हा वासाची एक भिंतच अंगावर यायची, लाकूड, बुरशी, वाइन, उंदीर, सगळं एकत्र. आज ती नुसत्या एका थंड खोलीत उतरली. मानूसोसने दोन पिंपांवर हात ठेवले. "रविवारी नातीचं लग्न. सगळं गाव येणार, शेजारची दोन गावं येणार, नवऱ्यामुलाकडचे खानिया शहरातून येणार, आणि ते म्हणजे नाकाने कांदे सोलणारे लोक. गेल्या वर्षीची ही दोन पिंपं ठेवलीत लग्नासाठी म्हणून. एक काढायचं, एक ठेवायचं. माझं नाक आता बिडीने खाल्लं, आर्गिरो तर म्हणते मला दोन्ही सारखीच लागतात. तुम्ही सांगाल ते पिंप काढतो." त्याने पत्र्याच्या दोन जगांत वाइन काढली, पाच जणांत दोन-दोन ग्लास वाटले, आणि टोपी काढून उभा राहिला. क्रीटच्या माणसाने टोपी काढली म्हणजे काय ते तिला माहीत होतं. लग्नात वाइन आंबलेली निघाली तर मानूसोसच्या घराला ते नातीच्या नातीपर्यंत ऐकवलं गेलं असतं.

थेक्लाने डावीकडचा ग्लास घेतला. फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले. हे सगळं हाताला पाठ होतं. काळोख, आणि काळोखात काहीच नाही. घोट घेतला: आंबट, तुरट, गार. उजवीकडचा घेतला: आंबट, तुरट, गार. कदाचित जरा जास्त तुरट, कदाचित नाही. आता सांगून टाकावं, हे तिच्या मनात आलं, खोटं नाही. पण त्याच वेळी तिला दिसत होतं की सगळे तिच्याकडे बघताहेत, टोपी हातात घेतलेला मानूसोस, ओठ अर्धे उघडे ठेवलेला इओर्दानिस, आणि तोंडातून ते वाक्य बाहेर पडणं म्हणजे कपडे काढून उभं राहण्यासारखं होतं. दोन्ही पिंपं त्याच मळ्याची, त्याच हातांची. दोन्ही चांगलीच असणार. नाहीतर काय? आणि तोंड, जुनं सराईत तोंड, आपोआप उघडलं. "डावीकडचं," ती म्हणाली. त्या आवाजात.

"अर्थात डावीकडचं!" इओर्दानिस ताबडतोब म्हणाला आणि डावीकडचा ग्लास रिकामा केला. "फरक आहे की! जमीन-अस्मानाचा! हे कसं गोल आहे, भरलेलं. आणि ते दुसरं म्हणजे..." त्याने नाक मुरडलं. "ते अगदीच बोडकं." थ्रासोसने मान हलवली. मारिलेनाने डावीकडचा ग्लास ओठांना लावला, क्षणभर थांबली, थेक्लाकडे बघितलं आणि म्हणाली, "हो. छान आहे." मानूसोसचा चेहरा उजळला. थेक्ला मात्र इओर्दानिसकडे बघत राहिली. गोल म्हणे! भरलेलं म्हणे! तिने एक शब्द डोळे मिटून हवेत फेकला होता आणि या माणसाला तो जिभेवर लागला होता. मग आलुबुखार? मग चामडं? मग त्या सगळ्या वर्षांतलं काय काय? आयुष्यभर या तिघांनी खाल्लं ते काय खाल्लं, जेवण खाल्लं की तिचा चेहरा? लाझारोसचा बावळट आवाज तिच्या कानात आला, आणि या वेळी तो बावळट वाटला नाही. तिला वाईट वाटलं. इतकं की नाक गेल्याचंही इतकं वाटलं नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. "मानूसोस, टोपी घाला. मला वास येत नाही. सर्दी झाली होती, तेव्हापासून काहीच येत नाही. घरात घेवडा जळून कोळसा झाला, तो शेजारणीने हुंगला, मी नाही. मी आत्ता जे सांगितलं ते थाप होती."

 मग इओर्दानिस हसला, कारण त्याला वाटलं विनोद आहे, आणि कुणीच हसत नाही हे बघून थांबला. "पण कालचं ते," तो म्हणाला, "ती रोझमेरी?"

"आठवणीतून."

"आणि चामडं?"

"ते मी बऱ्याच ठिकाणी म्हणते."

इओर्दानिस त्याच्या रिकाम्या ग्लासात बघत राहिला. एवढा मोठा माणूस, त्याचा चेहरा शाळेत फळ्यापुढे उभ्या केलेल्या मुलासारखा झाला. "मला खरंच गोल लागली होती गं," तो हळूच म्हणाला, आणि थेक्लाला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि चापटही मारावीशी वाटली.

"ते सगळं राहू द्या हो," मानूसोस म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "रविवारी पावणे येणार! पिंप कुठलं काढू मी?"

"आम्ही काय सांगणार," थ्रासोस म्हणाला. त्याचं आजचं हे पहिलंच वाक्य. "आम्ही कधी सांगितलंय?"

"मग आज सांगा," थेक्ला म्हणाली. तिचा आवाज पुन्हा तिचा झाला होता, पण तो कुठे वापरायचा हे आता तिला कळलं होतं. "माझ्याकडे बघू नका. मी तिकडे तोंड करून उभी राहते. हुंगा, प्या, थुंका, काय करायचं ते करा, पण माझ्याकडे बघून नाही." आणि ती खरंच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दगडी भिंत, सांध्यांमधून पाणी झिरपत होतं. मागे ग्लासांचे आवाज आले, घशांचे आवाज आले, इओर्दानिसचा एक सुस्कारा आला. आपल्या पाठीमागे माणसं काहीतरी चाखताहेत आणि ते आपल्याला दिसत नाही, असं तिला कधी झालं नव्हतं. पाठीला ते खटकत होतं, कुणीतरी नजर रोखून बघत असल्यासारखं, आणि बघत तर कुणीच नव्हतं.

"मी एक सांगू?" मारिलेनाचा आवाज. "हसणार नाही ना? हे डावीकडचं... नेलपॉलिश काढायचं औषध असतं ना, तसा वास येतोय मला. आधीच आला होता. मला वाटलं, चांगल्या वाइनला येत असेल."

मानूसोसने तिच्या हातातून ग्लास घेतला. त्याने नाक आत खुपसलं, बराच वेळ ठेवलं, मग घोट घेऊन जमिनीवर थुंकला आणि अशी एक शिवी हासडली की थ्रासोसनेही मान वर केली. "बिघडायला लागलंय. अजून थोडंच आहे, पण लागलंय. रविवारपर्यंत..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. उजवीकडच्या जगमधून त्याने दुसरा ग्लास भरला, मारिलेनापुढे धरला. "आणि हे, मारिलेनाबाई?" तो तिच्याशी बोलत होता. टोपी अजून हातातच होती. मारिलेनाने डोळे मिटले, आणि या वेळी घाई केली नाही. "हे स्वच्छ आहे," ती म्हणाली. "फार काही नाही, पण स्वच्छ आहे. मी लग्नात हे प्यायले असते." थेक्ला भिंतीकडे तोंड करूनच होती, म्हणून तिचा चेहरा कुणाला दिसला नाही, आणि ते बरंच झालं. कारण तिला मत्सर वाटत होता, शाळकरी मुलीसारखा, कडकडून. एका बाकावर बसून हिच्या डब्यातलं खाल्लं, हिला हे नाक तेव्हापासून असणार, आणि हिने ते एवढी वर्षं पर्समध्ये ठेवून दिलं, कारण शेजारी थेक्ला बसली होती.

वर आले तेव्हा ऊन टेबलावर आलं होतं आणि आर्गिरोने कापड अंथरून ठेवलं होतं. वर येताना जिन्यात मारिलेनाने थेक्लाचा दंड धरला होता. "कधीपासून गं? मला का नाही सांगितलंस?" "सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" "मी डॉक्टरकडे नेलं असतं, गाढवे." "सोमवारी ने," थेक्ला म्हणाली. सगळे आपापल्या जागी बसले, आणि जागा नेहमीच्याच होत्या. ती मध्यावर, जिथे वेटरला तिचं तोंड दिसेल. आर्गिरो आली आणि हात पुसत तिच्यापुढे उभी राहिली. तिला खालचं काही माहीत नव्हतं. "येताय ना आत? वांगी तुम्ही म्हणालात तशी मुरलीत." थेक्लाच्या गुडघ्यांनी उठायची तयारीही केली. सवय ही चीज अशीच, धनी मेला तरी दार उघडायला जाते. तिने टेबलाची कड धरली. स्वयंपाकघराच्या दारातून वाफ येत होती, तिला ती दिसत होती, आणि आत काय काय असेल हे तिच्याशिवाय दुसऱ्यांनाही कळू शकतं, हे तिला आता मान्य करावं लागत होतं. ते मान्य करणं जड गेलं. पण तिने केलं.

"इओर्दानिस," ती म्हणाली, "तू सांग."

"मी?" त्याने इकडेतिकडे बघितलं, दुसरा कुणी इओर्दानिस असेल तर. "मी काय सांगू? तू..."

"तुला काय खायचंय?"

हा प्रश्न त्याला बहुधा पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. त्याच्या बायकोनेही विचारला नसावा. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आर्गिरो वाट बघत होती. थ्रासोसने काटा खाली ठेवला. मग इओर्दानिसने घसा साफ केला आणि टेबलक्लॉथकडे बघत, चोरी कबूल करावी तसा म्हणाला, "तळलेले बटाटे. त्यावर अंडी फोडलेली, चार-पाच. बाकी काही नको."

"वाइन?" थेक्लाने विचारलं.

त्याने मारिलेनाकडे बघितलं. "उजवीकडची," मारिलेना म्हणाली.

डोंगराच्या कुशीत, अशा खानावळीत, जिच्या रश्शासाठी लोक बंदरावरून गाडी काढून येतात, तिथे बटाटे आणि अंडी! थेक्लाच्या जिभेच्या टोकाशी एक वाक्य आलं होतं, चांगलं धारदार, आणि ते तिने गिळलं. ताट आलं, मधोमध ठेवलं गेलं. बटाटे जाडे कापलेले, कडा तपकिरी, अंड्यांचा पिवळा बलक त्यांच्यावरून उतरत चालला होता. इओर्दानिसने पहिला काटा मारला आणि तोंड मिटून चावू लागला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं जे थेक्लाने एवढ्या वर्षांच्या टेबलांवर त्याच्या चेहऱ्यावर बघितलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो कुणाकडेच बघत नव्हता. तिने तिचा काटा पुढे केला. वास नाही, चव अर्धी. पण बटाट्याने दाताखाली कुरकुर केली, आतून भाजलं, बलकाचा ऊबदार मऊपणा टाळूला लागला, आणि जिभेला, वास गेला तरी शाबूत असलेल्या जिभेला, एक गोष्ट लख्ख कळली. तिने काटा ठेवला, मान ताठ केली, आणि त्या जुन्या आवाजात म्हणाली,

"मीठ कमी आहे."

मारिलेनाचा हात सवयीने मिठाकडे गेला. थ्रासोसचाही गेला. इओर्दानिसने तोंडातला घास सावकाश चावून संपवला, पुन्हा एक बटाटा तोंडात टाकला, तोही चावला.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे."

दोघांचे हात मिठाशी थांबले. थेक्लाने इओर्दानिसकडे बघितलं, आणि तो ताटात बघत खात राहिला. मग तिने मिठाची बाटली त्या दोघांच्या बोटांखालून काढून घेतली, आपल्यापुरतं, आपल्या काट्यावरच्या घासावर मीठ टाकलं, आणि जेवू लागली.